माणसांच्या मागे उभी असलेली चाळ

मुंबईतल्या ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतल्या खोल्या पुनर्विकासासाठी एकेक करून रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा आम्ही काही जणांनी घरोघरचे जुने फोटो गोळा करायचं ठरवलं. माझा जन्म इथलाच. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वडीलही काही वर्षं गिरणीतच. आजोबा शेवटपर्यंत या रस्त्याला डिलाईल रोडच म्हणत आले. आता संक्रमण शिबिरात जायचं, नंतर टॉवरमध्ये पाचशे चौरस फुटांचं घर मिळायचं, याचा आनंद आम्हाला सगळ्यांनाच होता आणि आहे. मजल्यावरच्या सामाईक संडासासमोर बादली घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला कुणी चाळीच्या आठवणींचं कौतुक सांगू नये. पण इमारत पडल्यावर इथे कोण राहत होतं, कसं राहत होतं, हे सांगणारं काहीच उरणार नाही, ही गोष्ट मनाला लागली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. त्या खात्याच्या आद्याक्षरांवरून या बीडीडी चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, आमच्याकडे ३२ आणि शिवडीला १२, मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका इमारतीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या काळात मुंबईत नवलाईचं असलेलं सिमेंट काँक्रीटचं बांधकाम. पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ च्या एप्रिलमध्ये झालं, काम म्हाडाकडे गेलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

आम्ही इमारतींच्या फळ्यांवर लिहिलं, ‘चाळीचे जुने फोटो असतील तर द्या.’ लोकांनी भरभरून दिले. पण आले ते सगळे एका साच्याचे. अमुक पुढारी गणपतीला आले तेव्हाचा हारतुऱ्यांचा फोटो, कबड्डीची ढाल घेतलेला संघ, मंडळाच्या पन्नासाव्या वर्षाचं व्यासपीठ. चाळीचा म्हणावा असा फोटोच नव्हता. पॅसेज नाही, जिना नाही, नळ नाही, मोरी नाही. आधी वाटलं, लोक हात आखडता घेताहेत. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी आपला जुना अग्फा क्लिक थ्री कॅमेरा माझ्या हातात दिला आणि सरळ विचारलं, “एका रोलात बारा फोटो यायचे. रोलाचे पैसे, धुवायचे पैसे. बारातला एक फोटो भिंतीवर घालवला असता, तर घरात कुणी ऐकून घेतलं असतं का?”

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. चाळीचा फोटो कुणी काढलाच नव्हता. चाळ आली होती ती माणसांच्या मागे. बारशाच्या पाळण्यामागे, हळदीला बसलेल्या नवरीमागे, गोविंदाच्या थरांमागे. तेव्हापासून आमची मागणी बदलली. फसलेला, हललेला, डोकं कापलं गेलेला, अल्बमात न लावता पाकिटात राहिलेला प्रत्येक फोटो आम्ही मागायला लागलो. लोक म्हणायचे, “तो काय करायचाय गं, टाकाऊ आहे.” आणि नेमका त्याच फोटोत पॅसेजमधल्या पाण्याच्या पिंपांची रांग, दारावरची कोयंडे-कुलपं, वाळत घातलेली लुगडी, कोपऱ्यातला स्टोव्ह असं सगळं सापडायचं.

एक नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. फोटो घराबाहेर न्यायचा नाही. जवळजवळ प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी सांगायचं, की लेखासाठी, प्रदर्शनासाठी म्हणून कुणी तरी फोटो घेऊन गेलं आणि परत आलंच नाही. एका आजींकडे यजमानांचा एकुलता एक फोटो असाच गेलेला. म्हणून आम्हीच स्कॅनर घेऊन जायचो. खोलीतल्या लोखंडी खाटेवर स्कॅनर, शेजारी लॅपटॉप, एक जण स्कॅन करणार आणि दुसरी माहिती विचारणार. चहा व्हायचाच. फोटो घेतला, स्कॅन केला, मालकाच्या हातात परत ठेवला आणि मगच पुढचा उचलला.

फोटोंची अवस्था पाहून जीव तुटायचा. मुंबईची दमट हवा, पोटमाळ्यावरची ट्रंक आणि त्यात वर्षानुवर्षं न उघडलेला अल्बम. सगळ्यांत जास्त नुकसान केलंय ते ऐंशीच्या दशकात घरोघरी आलेल्या चिकट पानांच्या अल्बमांनी. पानावरचा डिंक फोटोच्या पाठीत मुरतो, वरचं प्लास्टिक चिकटून बसतं. असा फोटो ओढून काढायचा नाही. दात साफ करायचा मेण नसलेला धागा मिळतो, तो फोटोच्या मागून हलक्या हाताने करवतीसारखा सरकवायचा. तरी सुटला नाही तर आख्खं पानच स्कॅन करायचं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर कधीच सोडवायला जाऊ नये. फोटोचा वरचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. अशा वेळी दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन काचेसकट कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. रंगीत फोटोंत निळसर छटा आधी उडतात, त्यामुळे सगळे चेहरे तांबूस झालेले असतात. कृष्णधवल फोटो त्या मानाने चिवट. साठच्या दशकातला चांगला धुतलेला फोटो अजून लख्ख दिसतो आणि १९८८ च्या लग्नाचा अल्बम उडून जातो, हे बघून वाईट वाटतं.

स्कॅन साधारण ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, असा करायचो, अगदी लहान फोटो असेल तर १२०० ला. मूळ फाइल टिफमध्ये ठेवायची, लोकांना पाठवायला तिची जेपेग प्रत काढायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नुसता टाकला की त्याचा जीव जातो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नाव-गाव लिहायचं झालं तर मऊ शिसपेन्सिलीने, पाठीमागे, कडेला, न दाबता. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उठतो. आणि स्कॅन करताना कडा कापायच्या नाहीत, डाग पुसायचे नाहीत, चेहरे उजळायचे नाहीत. हे शेवटचं पोरांना पटवायला मला बरेच दिवस लागले. हातातल्या मोबाइलवर सगळं गुळगुळीत करायची सवय लागलेली. पण कडेलाच तर चाळ होती.

याचं एक उदाहरण मी कधी विसरणार नाही. एका घरी १९६० च्या दशकातला हळदीचा फोटो होता. अल्बमात मोठा करून लावलेला. पॅसेजमध्ये पाट, पाटावर नवरी, भोवती बायका. छान फोटो, पण पार्श्वभूमीत फक्त भिंत. निघता निघता मी सहज विचारलं, “नेगेटिव्ह आहे का हो?” त्या घरातल्या वहिनींनी बिस्किटाचा डबा काढला. त्यात पाकिटात निगुतीने ठेवलेल्या नेगेटिव्ह होत्या. स्कॅन करून पडद्यावर उलट्याच्या सुलट्या केल्या तर फोटो दीडपट रुंद. स्टुडिओवाल्याने मोठा करताना उजवी बाजू कापली होती. त्या कापलेल्या बाजूला, बायकांच्या गर्दीपासून चार हातांवर, पॅसेजमध्येच एक माणूस डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला. उशाला पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेलं, पुसट. पाय तेवढे चादरीबाहेर.

घरातल्या कुणालाच आठवेना. “असेल कोणी पाहुणा,” म्हणाले. मग शेजारच्या खोलीतल्या नव्वदीच्या आजींना आणलं. त्यांनी लॅपटॉपला नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “पाव्हणा कसला? आमच्या गाववाल्यांच्या खोलीतला हाय ह्यो. तिसरी पाळी करून आलेला. ह्याच्या ट्रंकेवर बसून मी तांदूळ निवडायची.” आणि मग दुपारभर आजी बोलत राहिल्या. कोपऱ्यावरच्या त्या एका खोलीत राजापूरकडच्या एकाच गावातली वीसेक माणसं राहायची. १६० चौरस फुटांत वीस माणसं एका वेळी झोपूच शकत नव्हती. पहिल्या पाळीची माणसं उठली की तिसऱ्या पाळीची त्यांच्या जागी आडवी व्हायची. खोलीत जागा नसली की पॅसेजमध्ये. लग्न असो, मयत असो, रात्रभर साच्यावर उभा राहिलेला माणूस सनईच्या आवाजातही झोपायचा आणि त्याला कुणी उठवायचं नाही. बायका आवाज खाली आणून त्याला वळसा घालून जायच्या. गिरणीच्या पाळ्यांनी चाळीची झोप कशी ठरवली होती, हे मला त्या कापलेल्या कडेने आणि आजींनी सांगितलं. कुठल्या अहवालात ते इतकं स्पष्ट दिसलं नसतं.

त्या दिवसापासून अल्बमच्या आधी नेगेटिव्ह मागायची सवय लागली. पुष्कळ घरांत त्या नव्हत्याच. स्टुडिओंमध्येही फारसं काही हाती लागलं नाही. जुने स्टुडिओ बंद झाले तेव्हा नेगेटिव्हचे गठ्ठे त्यांतल्या चांदीसाठी विकले गेले. परळ-लालबागच्या हजारो कामगारांचे चेहरे असे आटवले गेले. रंगवलेल्या पडद्यासमोर हातातलं नवं घड्याळ दिसेल असा हात ठेवून काढलेले ते फोटो. पहिल्या पगाराचे, लग्नासाठी स्थळाला पाठवायचे, गावी आईला पाठवायचे.

फोटो कधीचा, हे ठरवायला आम्ही बारीकसारीक खुणा जमवत गेलो. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो. पत्त्यात नुसतं ‘बॉम्बे १३’ असेल तर फोटो बहुधा १९७२ च्या आधीचा, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आला. ‘४०० ०१३’ असेल तर नंतरचा. अर्थात जुना शिक्का संपेपर्यंत वापरणारे स्टुडिओवालेही होते, त्यामुळे एका खुणेवर भागत नाही. गच्चीवर टीव्हीचा अँटेना दिसला की तोही २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा, मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. रस्त्यावर ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आतला. भिंतीवरचं कॅलेंडर मोठं करून पाहिलं की कधी कधी वर्षही वाचता येतं. हे सगळं शोधताना पोरांना गोडी लागली. शाळेत इतिहासाला कंटाळणारी मुलं भिंग घेऊन कॅलेंडरवरच्या तारखा वाचायला लागली.

सगळ्या इमारतींतून सारखे फोटो आले नाहीत. चाळी एकसारख्या दिसतात, पण इमारती जातीजातींच्या, गावागावांच्या होत्या. हे लपवून चाळीचा इतिहास लिहिता येणार नाही. आमच्या मंडळाच्या संग्रहात आधी गणपती आणि दहीहंडीच जास्त होती. बौद्ध वस्तीच्या इमारतींत आम्ही मुद्दाम जाऊन बसलो तेव्हा दुसरीच चाळ समोर आली. १४ एप्रिलच्या मिरवणुका, निळे झेंडे. एका घरात लग्नाचा फोटो होता. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत, समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली, त्यानंतर त्यांच्या मजल्यावर बौद्ध पद्धतीने झालेलं हे पहिलं लग्न, असं त्या घरातले काका छाती भरून सांगत होते. फोटो पत्त्यातल्या पानाएवढा लहान, पण तो त्यांनी लॅमिनेट करून ठेवला होता.

त्याच इमारतीत आम्हाला काही फोटो न दाखवण्याच्या अटीवर मिळाले. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींतून दंगल सुरू झाली, त्या दिवसांतले जखमी माणसांचे फोटो. “ठेवा, हरवू देऊ नका, पण आमची पोरं सांगेपर्यंत कुणाला दाखवू नका,” असं त्यांनी सांगितलं. ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, कुलपात आहेत. फोटो मिळाला म्हणजे दाखवायचा हक्क मिळाला, असं मी मानत नाही. प्रत्येक घराकडून आम्ही साध्या मराठीत लिहून घेतलं, की हा फोटो मंडळाने जपावा, हा प्रदर्शनात लावावा, हा फक्त घरच्यांसाठी ठेवावा.

बायकांचे फोटो भरपूर होते, पण कामाला लागलेल्या बाईचा फोटो शोधून सापडेना. गिरणगाव जगवलं खानावळवाल्या बायकांनी. गाववाल्यांच्या खोल्यांतल्या एकट्या पुरुषांना दोन वेळचं जेवण याच बायका घालायच्या, महिन्याच्या बोलीवर, बहुतेक वेळा सावकाराकडून कर्ज काढून. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. इतकं मोठं काम, पण भाकऱ्या थापताना त्यांचा फोटो कोण काढणार? आम्हाला मिळाला तो एकच, तोही चुकून. एका मुलाच्या वाढदिवसाला काढलेल्या फोटोत, उघड्या दारातून समोरच्या खोलीतली चूल, भाकऱ्यांची चवड आणि बाईचा एक हात दिसतो. चेहरा दारामागे. तिच्या नातीला तो फोटो दाखवला तर तिने हातातल्या बांगड्यांवरून आजीला ओळखलं.

आणि मग १९८२. त्या वर्षाच्या १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंतांच्या सभांचे, गेटवरच्या निदर्शनांचे फोटो वर्तमानपत्रांत असतील. पण आमच्या घराघरांतले अल्बम वर्षवार लावले तेव्हा दिसलं ते वेगळंच. एकाहत्तर, पंचाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी असे फोटो नीट लागतात. १९८२ पासून दोन-तीन वर्षं कितीतरी घरांत फोटोच नाहीत. बारशी झाली, पण फोटोवाला बोलावला नाही. लग्नं पुढे ढकलली गेली. बायका-मुलं गावी गेली, भांडी विकली, मंगळसूत्र गहाण पडलं. एका काकूंना मी विचारलं, “काकू, धाकट्याचा लहानपणीचा एकही फोटो कसा नाही?” त्या म्हणाल्या, “तो संपात झाला ना.” ती रिकामी वर्षं आम्ही यादीत तशीच लावून ठेवली आहेत, घराचं नाव आणि समोर कोरी ओळ. संग्रहातला तो भाग मला सगळ्यांत बोलका वाटतो.

माणसं ओळखायला घरोघरी विचारून पुरत नाही, हेही लवकरच कळलं. म्हणून मंडळाच्या जागेत पांढरी चादर टांगून रविवारी संध्याकाळी फोटो मोठे करून दाखवायला लागलो. म्हातारी माणसं पुढच्या खुर्च्यांवर. एकाने नाव घेतलं की दुसरा खोडून काढायचा. “हा तो नव्हेच, त्याचा चुलतभाऊ. तो डावखुरा होता, बघ बॅट कशी धरलीय.” भांडणंसुद्धा व्हायची. हे सगळं आम्ही आवाजासकट ध्वनिमुद्रित केलं आणि प्रत्येक फोटोच्या फाइलबरोबर जोडलं. एका फोटोला दोन माणसांनी दोन वेगळी नावं सांगितली असतील तर दोन्ही लिहिली. आता यातले काही आवाजही आमच्यात नाहीत. फोटो थांबतील, कागद आहे. माणसं थांबत नाहीत. म्हणून स्कॅनिंग मागे राहिलं तरी चालेल, पण म्हाताऱ्या माणसाला विचारायचं काम मागे ठेवायचं नाही, असं मी हल्ली प्रत्येकाला सांगते.

संग्रहाच्या तीन प्रती आहेत. दोन हार्ड डिस्क वेगवेगळ्या दोन घरांत आणि एक क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा उघडून सगळं चालतंय का ते बघायचं, हे काम एका मुलाने अंगावर घेतलंय. ज्या घरांनी फोटो दिले त्यांना त्यांचे स्कॅन आम्ही पेन ड्राइव्हवर दिले, कारण संक्रमण शिबिरात सामान हलवताना अल्बम आधी हरवतात.

कोकणातलं आणि घाटावरचं काम अजून पुष्कळ बाकी आहे. मुंबईत काढलेले फोटो मुंबईत राहिलेच नाहीत. ते पाकिटातून गावी गेले, ओटीवरच्या फळीवर फ्रेम होऊन बसले. गणपतीत गावी जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगितलंय, की भिंतीवर बघा, चाळीच्या दारात उभे असलेले आजोबा दिसले तर फोटो घेऊन या. पुढच्या बाजूचा आणि मागच्या बाजूचाही. मागच्या गणपतीत चिपळूणकडच्या एका घरातून आमच्या जिन्याचा पहिला स्वच्छ फोटो आला. तीन तरुण पायऱ्यांवर बसलेत आणि कठड्याचं सगळं नक्षीकाम दिसतंय.

शिवडीच्या चाळी बंदराच्या जागेवर, त्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त रेंगाळलेला. तिथल्या काही मुलांनी आमचा स्कॅनर मागितला आहे. तो त्यांना दिला आणि सोबत एवढंच सांगितलं, की सुरुवात मजल्यावरच्या सगळ्यांत वयस्कर आजींपासून करा आणि अल्बमच्या आधी बिस्किटाचा डबा मागा.